काचेच्या पेटीतली ऊब

दुपारी चारच्या सुमारास माझ्यातली ऊब गेली. आत सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी झोपली होती.

मित्रांनो, मी रुग्णालयातली एक जुनी काचेची पेटी आहे. वेळेआधी आलेल्या बाळांना बाहेरची हवा सोसत नाही, म्हणून त्यांना माझ्यात ठेवतात. खालची तार तापते आणि पंखा तिची ऊब वर ढकलतो. माझे काम एवढेच.

मी नवी आले तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली होती. माझ्यातून कितीतरी बाळे घरी गेली. एकदा एक आई आपल्या वाढलेल्या मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, "बघ, यात होतास तू."

"या डब्यात? माझा एक पायही मावणार नाही!"

सगळा वॉर्ड हसला. मी मात्र मनातून फुलले. ही सारी बाळे माझ्यामुळेच वाचली, असे मी धरून चालले होते.

पुढे माझे एक चाक अडकले. दाराची कडी तुटली, ती चिकटपट्टीने बांधली गेली. माझे सुटे भाग बनवणे कारखान्याने थांबवले. माझा पंखा कुरकुरत असे; येणारेजाणारे म्हणत, "जुनी आहे, चालायचंच."

यंदा रुग्णालय दूरच्या नव्या इमारतीत हलवायचे ठरले. परवा खाटा गेल्या, नव्या पेट्या गेल्या. त्याच संध्याकाळी ही मुलगी जन्मली, आणि मागे उरलेली पेटी मीच होते. रिकाम्या वॉर्डात तिचे आईबाप, आजी आणि सिस्टर एवढीच माणसे राहिली.

आज सकाळी आजीने आपली शाल माझ्यावर पांघरली.

"आजी, पेटीला थंडी वाजत नाही!" सिस्टर ओरडली. "हवेची भोकं झाकलीत तुम्ही."

"अगं, माझ्या मूठभरच्या डोळ्यांवर उजेड येतोय."

आजी नातीला मूठभर म्हणत असे. शाल घडी होऊन खुर्चीवर गेली.

आणि दुपारी तार जळाली. माझा तापमानाचा काटा खाली उतरू लागला. सिस्टरने फोन केला. रुग्णवाहिका नव्या इमारतीतून निघाली होती, पण वाटेत गर्दीत अडकली होती. मुलीचा बाप कारखान्यात लेथ यंत्र चालवणारा. त्याने माझा मागचा पत्रा उघडला. तार बोट लावताच तुकडे होऊन खाली पडली.

"मला सगळं दुरुस्त करता येतं, आई," तो आजीला म्हणाला. "हे नाही येत."

"मग हात जोड. आता मोकळेच आहेत ना?"

"देव काय तार आणून देणार आहे?"

"काय द्यायचं ते त्याला ठरवू दे. तू त्याला सामान सांगत बसू नकोस."

त्याने काळे झालेले हात जोडले. त्याचे ओठ हलले नाहीत.

माझा पंखा मात्र फिरतच होता. ऊब नव्हती, म्हणून तो त्या एवढ्याशा अंगावर थंड वारा घालत होता. जिला जपायचे तिलाच मी गारठवत होते, आणि मला थांबता येत नव्हते. जोडायला मला हात नाहीत. तरी मी मागितले, "देवा, हिला माझ्यातून काढ. दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दे."

सिस्टरने बटण दाबून पंखा बंद केला. मग ती आईकडे वळली. "गाऊनची बटणं सोडा. बाळाला छातीशी धरायचंय. आता तुमच्या अंगाचीच ऊब."

आईने आजवर बाळाला माझ्या गोल खिडक्यांतून फक्त बोट लावले होते. ती मागे सरकली. "माझ्या हातून काही झालं तर?"

"घे गं पोरी," आजी म्हणाली. "तुझे हात देवानंच दिलेत."

मूठभर आईच्या छातीशी गेली. खुर्चीवरची शाल उलगडली आणि दोघींभोवती गुंडाळली गेली. आजीने या वेळी सिस्टरकडे बघून घेतले. सिस्टरनेच शालीचे टोक खोचले.

रुग्णवाहिका आली. सगळे घाईने निघाले.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल, एखादे माणूसही कुरकुरत असेल, तर वेळीच कान द्या. कुणाचा जीव त्याच्यावर टेकलेला असेल, हे सांगता येत नाही.

मी अजून इथेच आहे. माझे दार उघडे आहे. मुलीला देवाने कुणाच्या हाती दिले ते मी पाहिले. पुढचे मला कुणी सांगितलेले नाही. जाताना दारात सिस्टरने शालीखाली हात घालून तिचे तळपाय चाचपले होते.

"कोमट आहेत," ती म्हणाली. गरम म्हणाली नाही.