राखणदाराचा कोपरा

पाऊस सरला की नारळी-पोफळींच्या कुळागराची कामं अंगावर येतात. पोफळींच्या बुंध्यांशी कमरेएवढं गवत, पाटात कुजलेल्या झावळ्या, कुंपण मोडून आत शिरलेली गुरं. हे सगळं मी एकटी निस्तरते. नवरा गेल्यावर मी माहेरी आले. बाबांनी कुळागर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर ठेवलं. धाकटा कृष्णनाथ वास्कोला बंदरात नोकरीला. त्याला नारळ-सुपारी पोचवायची आणि उरलेल्यावर मी जगायचं, अशी आमची बोली.

त्या वर्षी दसरा झाल्यावर तो रजा टाकून आला. लुंगी खोचून कोयता हातात घेतला आणि म्हणाला, "बाय, औंदा तू बस. मी करतंय सगळा."

मला काय करू नि काय नको असं झालं. त्याने पाट उपसला, गवत कापलं, झावळ्या तोडून बुंध्यांशी पसरल्या. पंख्याखाली बसणाऱ्याच्या तळव्यांना फोड आले, त्यांना मी खोबरेल लावलं. भाऊ परत दिलास म्हणून संध्याकाळी कुळागराच्या राखणदार देवाला जाड भाकरीचा रोट ठेवला. केवढी मी खुळी!

कुळागराच्या वरच्या अंगाला एक कोपरा त्या राखणदाराचा. तिथे कोयता लावत नाहीत. झाड पडलं तरी पडल्या जागी कुजतं, कोणी सरपणाला नेत नाही. कृष्णनाथने दोनदा विचारलं, तो कोपरा कधी साफ करायचा.

"खुळो मरे तू," मी हसून म्हटलं, "तो कोनो राखणदाराचो. वास्कोक जावन इसरलंस?"

त्याने मान खाली घालून कोयत्याला धार लावायला घेतली. मला वाटलं, लाजला.

दुसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाला लावायला चुना हवा म्हणून मी डिचोलीच्या बाजारात गेले. परतून बघते तर कोपरा बोडका. करवंदीची जाळी, वेली, सगळं कापून एका बाजूला लोटलेलं. आत हद्दीचा जुना दगड होता, त्याच्यावरचं शेवाळसुद्धा खरवडून काढलेलं. दगडापाशी दोन माणसं मोजणीची साखळी ताणून उभी होती. खाणीची माणसं. सुर्ल्याकडचे डोंगर खणून खणून कसे लाल होत गेले ते आम्ही बघत होतोच.

"बरी साफसफाई केली," त्यांतला एक खुशीत म्हणाला, "नाहीतर दगड शोधण्यातच दिवस गेला असता."

"बाय, तेंका चाय कर," कृष्णनाथ माझ्याकडे न बघता म्हणाला.

"ही कित्याक इली हत?"

"कुळागर विकूचा आसा. सही तुझी पण लागतली. तू नाय म्हणूची नाय, असा सांगलंय मी तेंका."

जमीन विकायची होती तर तोंडावर सांगायचं होतं, भांडलो असतो. पण माझ्याच कोयत्याने, माझ्या हातची पेज पिऊन, मला बसवून ठेवून त्याने हे केलं. मी चहा केला नाही. तो दुपारच्या बसने न जेवता गेला.

भाऊबीजेला येणार नाही असं वाटलं होतं. आला. नवा शर्ट घालून हसतमुखाने पाटावर बसला. मन तरी कसलं मेलं, लगेच विरघळलं. वाटलं, चूक उमगली असेल. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, मनात उदंड आयुष्य मागून ओवाळलं. दर वर्षी तो ताटात लुगडं ठेवायचा.

त्या वर्षी त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून ताटात ठेवला. वर पेन.

"हंयसर सही कर, बाय."

ओवाळून झालं होतं. मागितलेलं आयुष्य परत घेता येत नाही, नाहीतर तिथल्या तिथे घेतलं असतं. मी कागद आणि पेन उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ऊठ पाटावरसून," मी म्हटलं. "हो पाट माझ्या भावाचो."