इथे कॉम्प्युटर नाहीत

"तुम्ही लिहाल ते मला वाचता यायला हवं ना," बाई म्हणाली आणि मास्तरांच्या हातातला कागद तिने परत त्यांच्या टेबलावर ठेवला. "मला शिकवा. माझ्या पोरीची तक्रार मीच लिहिते."

याला आता पाच महिने झाले होते. ही बाई बांधकामावर वाळू चाळायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी हातपाय धुऊन ती पत्र्याच्या वर्गात येई आणि पोराटोरांमध्ये कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसे. सिमेंटने बोटांची टोकं खाल्लेली. एकेक अक्षर ती खडा निवडावा तसं शोधून काढी.

मास्तर मूळचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. कचेऱ्यांनी टाकून दिलेली बारा मशीनं त्यांनी जोडूनतोडून चालू केली होती आणि चौदा वर्षं ते मजुरांच्या मुलांना फुकट शिकवत होते. इमारत उभी राहिली की मुलं आईबापांमागे दुसऱ्या गावाला निघून जात. मुलं जाण्याची त्यांना सवय होती. एका मुलीच्या जाण्याची मात्र झाली नाही.

ती या बाईची मुलगी. सगळे तिला घाई म्हणत. बोलणं घाईत, जेवणं घाईत, आणि टायपिंग असं की मास्तर पाठमोरे असले तरी म्हणत, "घाई, जरा दमानं." तीन वर्षांपूर्वी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस वर्गात आला. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात टायपिंग येणाऱ्या मुली हव्यात, म्हणाला. मास्तरांनी त्याच्या कार्डावरच्या नंबरवर फोन करून खात्री केली. तो नंबर त्याच्याच माणसाचा असू शकतो, हे त्यांना फार नंतर सुचलं. आईचं मन तयार नव्हतं, तेव्हा ते स्वतः तिच्या खोपटात जाऊन बसले.

"तिनेही जन्मभर वाळूच चाळायची का?" असं ते म्हणाले होते. त्यावर आईने मुलीला बसमध्ये बसवून दिलं. आईला पुन्हा तिची खबर मिळाली नाही.

तेव्हापासून मास्तर फळ्याकडे वळले की मागून ती टकटक सुरू होई. भरभर, न अडखळता. चटकन मागे बघावं तर बारा डोकी खाली घालून चाचपडत असत. बायकोने विचारलं की ते म्हणत, कान वाजतात.

बाई दोनदा पोलिसांकडे जाऊन आली होती. मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या पायाने गेलीय, असं पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्यांदा कुणी मान वर न करता सांगितलं, ऑनलाइन करा.

आज वर्गात दोघंच होती. बाईने मुलीचं नाव टाइप केलं, तपासलं, पुन्हा तपासलं. पुढची ओळ तिने बोट लावून वाचली.

"शेवटचा... संपर्क. कधी, कोणाशी. बसमध्ये बसवून दिलं तो दिवस लिहू?"

मास्तर खिडकीपाशी उभे होते. हो म्हटलं असतं तर काम भागत होतं.

"नको," ते म्हणाले. "त्यानंतर नऊ दिवसांनी तिचा फोन आला होता. मला."

बाईची नजर कीबोर्डवरून हलली नाही. "काय म्हणाली?"

"म्हणाली, मास्तर, इथे कॉम्प्युटर नाहीत. एवढंच. मग कुणीतरी फोन हिसकावल्यासारखं झालं. परत लावला तर बंद."

"आणि तुम्ही?"

"घाबरलो. तिच्या नोकरीच्या कागदांवर माझी सही होती. वर्ग बंद पडेल, बाकीच्या मुलांचं काय होईल, असं मनाला सांगत राहिलो. उद्या जाऊ, परवा जाऊ करत... तुम्हाला तोंड दाखवणंच टाळलं."

बाहेर बांधकामावरचा मिक्सर घरघरत होता. तो थांबल्यावर तिने विचारलं,

"रडत होती का?"

"नाही. घाईत होती."

बाईने पदराने तोंड पुसलं. मग पाठ ताठ करून बसली.

"तुमचं नाव सांगा. पुरतं सांगा. ऱ्हस्व, दीर्घ सगळं. चुकलं तर परत पाठवतील."

मास्तरांनी आपलं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. पहिली, दुसरी, काना, मात्रा. गेल्या पाच महिन्यांत ते तिला जसं शिकवत आले होते, अगदी तसंच. ती प्रत्येक अक्षराला थांबे आणि ते पुढचं सांगत. पडद्यावर नाव पुरं झालं तेव्हा त्यांनी ते वाचलं आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसले.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

पुढच्या पानावर मुलीचं वर्णन होतं. पहिलाच रकाना वयाचा. बाईने त्यावर बोट ठेवलं.

"गेली तेव्हा एकोणीसची होती. तेव्हाचं लिहू की आत्ताचं?"

मास्तर बोटांवर वर्षं मोजू लागले.

"आत्ताचंच लिहिते," ती म्हणाली आणि तिने बावीस टाइप केलं. "शोधणाऱ्याला ओळखता यायला हवी."

मग खुर्ची पुढे ओढून ती उंचीचा रकाना वाचू लागली.