सांडपाण्याच्या तोंडची बाटली

पर्यावरण हा विषय वाणिज्यवाल्यांच्या गळ्यात मारलेला. पास व्हायचं आणि विसरून जायचं, एवढीच त्याची लायकी. पण सरांनी पहिल्याच तासाला अख्खा वर्ग उठवून कॉलेजमागच्या तळ्यावर नेला आणि हिशेबनीस तिथेच अडकली. हे नाव सरांनीच ठेवलेलं, कारण ती पाण्यातले किडेसुद्धा जमाखर्चासारखे मांडायची: कोण कोणाला खातं, शेवटी शिल्लक काय राहते. शेवाळ, गोगलगायी, चतुराच्या अळ्या... पोरीला त्या तळ्याचं वेडच लागलं. आई म्हणायची, "परीक्षा काय पाण्यात बसून देणार आहेस?"

एकदा सर म्हणाले, "हिशेबनीसबाई, कँटीनचं सांडपाणी तळ्यात पडतं ना, तिथलं बाटलीभर आणा. घाण पाणी कसं असतं ते वर्गाला दाखवू." नमुना घ्यायचा तो तळ्याच्या मधून, काठावरून कधीच नाही, हे त्यांनीच सगळ्यांकडून घोकून घेतलेलं. पण हे काय, नुसतं दाखवण्यापुरतं. तिने नाक दाबून बाटली भरून दिली.

ती बाटली वर्गात आलीच नाही. आली ती थेट प्राचार्यांच्या टेबलावर, तळं बुजवायचं की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत. विद्यार्थ्यांच्या वतीने हिशेबनीसला बोलावलं होतं. तळ्याची बाजू घ्यायला सर आहेतच, म्हणून ती निर्धास्त बसली होती. सरांनी काळंशार पाणी हलवून दाखवलं. "तळं मेलंय. माझ्याच विद्यार्थिनीने आणलेला नमुना आहे हा."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. "सर, हे सांडपाण्याच्या तोंडचं आहे! तुम्हीच आणायला सांगितलंत!"

सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाणिज्यची मुलगी आहे," ते हसून प्राचार्यांना म्हणाले. "जीव लावलाय बिचारीने. पण कुठून काय घेतलं, याचा गोंधळ होतो." सगळे समजूतदारपणे हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बैठकीनंतर सरांनी तिला जिन्यात गाठलं. "रागावू नकोस गं. तळं बुजवून तिथे आपल्याच विषयाची इमारत होतेय. प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, सगळं. किती वर्षं मी हात धुऊन मागे लागलो होतो."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला, सर."

"उद्घाटनाला तूच बोल. तळ्याबद्दलच बोल. त्याच्याविषयी तुझ्याइतकं इथे कोणालाच माहीत नाही."

ते अगदी मनापासून म्हणत होते. तेच तिला सहन होईना.