पोलादी बगळ्याचा सत्तेचाळिसावा अंक

"स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलास रे?" वर्लीनने विचारलं आणि डेमॉन घाईने पुढे झाला. आत्याच्या हातात कडक प्लास्टिकची चपटी पेटी होती. आत, काचेतल्या मढ्यासारखा, 'पोलादी बगळा' या कॉमिकचा सत्तेचाळिसावा अंक.

"आत्या, ती फोडायची नसते."

"मग काय, लोणचं घालू तिचं?"

वर्लीनने क्लीव्हलँडमध्ये उभा जन्म बस चालवली. भर बर्फात गाडी आडवी लावून दारुड्यांना कॉलरला धरून खाली उतरवलेली बाई ती. तिला भाचा काय अडवणार?

तिचा धाकटा भाऊ लुशियस, म्हणजे डेमॉनचा बाप, पुढच्या खोलीत पलंगावर होता. नाकात ऑक्सिजनची नळी. कारखान्यातल्या भट्टीच्या धुराने फुप्फुसं खाल्लेली. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, आठवडा काढला तर पुष्कळ. त्यावर लुशियसने एकच धोशा लावला, बगळा पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, सलग, शेवटपर्यंत. बारीक अक्षरं त्याला दिसेनात, म्हणून वर्लीन वाचायची आणि तो चित्रं बघायचा.

नुसती हाणामारी नव्हती हो ती. एक लिहिणारा, एक काढणारा, दोघांनी मिळून पन्नास अंक ओढले आणि जोडी फुटली. पुढे दुसऱ्यांनी बगळा चालवला, त्याला लुशियस कोंबडा म्हणायचा. या दोघांचा बगळा म्हणजे पोलादी पंख बांधलेला साधा माणूस, उडताना धापा टाकायचा. शहर वाचवून घरी आला तरी बायको त्याच्याशी बोलायची नाही. सेहेचाळिसाव्याच्या शेवटी तो पुलावरून सरोवरात पडला होता, पंखांच्या वजनाने बुडत चालला होता. आणि पुढचा अंक हा असा कोंडलेला.

डेमॉनचा हेतू वाईट नव्हता. बाप अंथरुणाला खिळल्यावर त्यानेच तो सगळ्यांत नावाजलेला अंक जाणकारांकडे पाठवून, किती जपलेला आहे त्याचे गुण लावून, या पेटीत कायमचा बंद करून आणला होता. आता त्याने फोनवर तोच अंक काढून बापापुढे धरला. लुशियसने जरा पाहिलं आणि तोंड फिरवलं. रंग फार स्वच्छ आहेत म्हणाला, कवळीसारखे. त्या स्वस्त कागदावर निळा रंग रेषेबाहेर सांडायचा, तेव्हा कुठे ते पाणी वाटायचं. मग डेमॉन म्हणाला, हा राहू दे, एकदम अठ्ठेचाळीस घेऊ.

"आजवर एक अंक गाळला नाही," लुशियस खोकत म्हणाला. "आता मरताना गाळू?"

वर्लीन ताडकन उठली ती स्वयंपाकघरात, आणि स्क्रूड्रायव्हर तिनेच खणातून हुडकला. डेमॉन मागोमाग आला, आडवा उभा राहिला. फोडल्यावर त्या गुणांना काही अर्थ उरणार नाही, पप्पांची एवढीच तर आठवण माझ्यापाशी राहणार, असं काहीबाही तो बोलत राहिला.

वर्लीन थांबली.

"राजा, तो अजून आठवण झालेला नाही. तो तिकडे खोळंबलाय, बगळा बुडतोय म्हणून."

डेमॉन बाजूला झाला. तिने फटीत टोक घातलं आणि सगळं अंग रेटलं. काडकन आवाज झाला. जुन्या कागदाचा कुबट, गोडसर वास सुटला.

ती पलंगाशी बसून वाचायला लागली. वाचता वाचता ते बिनशब्दांचं पान आलं. पाण्याखाली बगळा स्वतःच्या हाताने पंखांचे पट्टे सोडतो. पंख तळाला जातात, माणूस वर येतो. वाचायला काहीच नव्हतं, म्हणून वर्लीन गप्प बसली. लुशियस बघत राहिला. नळीचा फुसफुस आवाज तेवढा येत होता.

डेमॉनने खुर्ची जवळ ओढली. हात पुढे केला, त्यात जुन्या कागदाला बोटांचे डाग लागू नयेत म्हणून घालायचे पांढरे सुती हातमोजे होते.

"पप्पा, निदान हे तरी घाला."

लुशियसने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. कोपऱ्यावर ओला ठसा उमटला.