गोडं पाणी, खारा आकडा

चर्र... तापलेल्या सोल्डरचा तो आवाज अजून माझ्या पायांत आहे. व्हिएतनाममधल्या बेन त्रेच्या एका स्वयंपाकघरात थाम नावाच्या बागायतदार बाईने मला हिरव्या बोर्डावर बसवलं, तेव्हाचा. मी एडीसी बोलतोय, दाण्याएवढा काळा तुकडा. नदीत बुडवलेला दांडा पाण्यातल्या मिठाप्रमाणे विजेचा कमीजास्त दाब पाठवतो. मी त्याचा आकडा करतो.

शेजारी मायक्रोकंट्रोलर राहतो, आमच्या डबीचा मेंदू; माझा आकडा तोच पडद्यावर दाखवतो. आमच्यात चार तारा. एकीने तो मला उठवतो, दुसरीने ठेका धरतो, तिसरीने विचारतो. चौथीतून मी ठेक्यागणिक शून्य की एक, एवढंच सांगतो. आधी दाब माझ्या पट्टीशी ताडून पाहतो: अर्ध्याच्या वर आहे का? मग उरलेल्याच्या अर्ध्याच्या? असं करत नेमका पोचतो. सांगून होतं न होतं तोच पुन्हा हाक. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही.

उन्हाळ्यात समुद्र नदीतून वर चढतो, आणि थामच्या ड्युरियन या फळाच्या झाडांना खारं पाणी म्हणजे मरण. आकडा उतरला तरच ती बांधाचं दार उघडायची. त्या वर्षी झाडं तहानेनं पानं गाळू लागली होती.

एका दुपारी घरी पूर्वजांच्या आठवणीचं जेवण होतं. जेवणं झाल्यावर तिचे सासरे साव यांनी गाण्याचा मोठा स्पीकर माझ्याच बॅटरीला जोडला. पाहुण्यांनी सूर चढवला की बॅटरी खचायची, आणि तिच्यावर बेतलेली माझी पट्टी आखडायची. दांड्याची बॅटरी वेगळी, त्याचा दाब तोच. पण आखूड पट्टीवर तो मोठा भरायचा. पाणी गोडं, आकडा खारा. पट्टीच आखडलीय हे सांगायला मला तार नव्हती. आमच्यासारख्यांना जोडाल तेव्हा पट्टीपुरती तरी वेगळी, स्थिर वीज द्या, एवढंच मागणं आहे.

सावांनी नदीचं ओंजळभर पाणी चाखलं. "पोरी, गोडं आहे. उघड दार. भरती यायला तासही उरला नाही."

"बा, सकाळपासून तांदळाची दारू चाखताय. त्या जिभेला आता समुद्रही गोड लागेल."

"आणि तुझ्या डबीला जीभ कुठाय?"

"म्हणून तर ती पीत नाही."

पाहुणे हसले, पुन्हा गाऊ लागले. मी तळमळत तोच खोटा आकडा देत राहिलो.

"झाडं मरतायत आणि गाणी कसली गाताय," म्हणत सावांनी स्पीकरची तार उपटली. माझी पट्टी सरळ झाली. आकडा झरकन खाली आला. थाम धावली, तिनं दार उचललं. पाणी झाडांकडे सुटलं.

"बघा बा, आत्ता झालं गोडं," ती धापा टाकत म्हणाली. "डबी सांगेल तेव्हाच खरं."

सावांनी हातातल्या तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बॅटरीकडे. आकडा कशानं फुगला होता, ते त्यांना उमगलं होतं. ओल्या मातीकडे बघून सून हसत होती. त्यांनी तार गुंडाळली, स्पीकर खांद्यावर घेतला आणि तिचं हसू तसंच राहू देत निघून गेले.