कपाट हललं, छत्री गेली

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर शिंपीमास्तरांचा उजवा हात दोन महिन्यांत ताळ्यावर आला, पण शब्द काही हाताला लागेनात. कात्रीला ते ‘ती खाणारी’ म्हणत आणि मेहुण्याला नुसतं ‘ते’. बायकोच्या मते मेहुण्याच्या बाबतीत झटक्याचा काही दोष नव्हता.

थेरपिस्ट बाईंनी युक्ती शिकवली. “डोळे मिटून आपल्याच घरात शिरा. लक्षात ठेवायची एकेक वस्तू एकेका जागी ठेवा. परत फिरलात की सापडते.”

मास्तरांनी उंबऱ्यावर साबण ठेवला, खुर्चीत दुधाची पिशवी, कपाटाला छत्री, मशीनवर चष्मा, पलंगावर गोळ्या. रोज चहाआधी उजळणी. आठ दिवसांत पाचही तोंडपाठ.

नवव्या दिवशी दवाखान्यात मात्र गाडी कपाटापाशी अडली. पुढचा चष्माही मिळेना.

“घरात काही बदललं का?” बाईंनी विचारलं.

बायको खिडकीबाहेर बघू लागली. “कपाट जरा सरकवलंय. मागे जळमटं होती.”

“जरा? या खोलीतून त्या खोलीत नेलंय,” मास्तर म्हणाले.

“मग काय घराला खिळे ठोकून बसू?”

“कधीच न बदलणारी जागा शोधा,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन मास्तर दिवसभर विचारात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला स्टुलावर बसवलं आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतलेली. गळा, खांदा, बाही, छाती, कंबर हा क्रम त्यांच्या हाडीमाशी मुरलेला होता. बोट हवेत फिरू लागलं. “गळ्यात साबण. खांद्यावर दुधाची पिशवी. बाहीत छत्री. छातीवर चष्मा.” मग क्षणभर थांबून, “कंबरेवर गोळ्या. तिथं अजून बरंच मावेल.”

बायको त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. पण पाचही वस्तू बरोबर आल्या होत्या, हे तिनेच शेजारणीला जाऊन सांगितलं.

महिनाभरात यादी बारावर गेली. रोज सकाळी ती कुरकुरत का होईना, स्टुलावर ताठ बसायची. एकदा दुसऱ्या खांद्यावर इस्त्री आली, तसं तिनं हळूच विचारलं, “गार आहे ना?”

“गारच आहे,” मास्तर म्हणाले, आणि कोपराकडे वळले.