दादाचा पंजा

दादाचं पोट उतरलं म्हणून घरात केवढं कौतुक! वहिनी तर भेटेल त्याला सांगत सुटली होती, "ना पळणं, ना व्यायाम, तरी कसे सडपातळ झाले बघा!" धाकट्या बहिणीला मात्र त्या कौतुकाचा संताप येत होता. पोट उतरलं ते ठीक. पण गॅरेजमध्ये ट्रकची चाकं उचलून कमावलेले दंड कुठे गेले? कानशिलांपाशी खड्डे पडलेत, ते कुणालाच कसे दिसत नाहीत?

तिला दिसणारच. प्रयोगशाळेत ती कॅन्सरची गाठ झालेले उंदीर सांभाळायची. भांड्यात खाणं भरलेलं, आणि मांड्या मात्र झडत चाललेल्या. गाठ कुठेतरी दडून रक्तात निरोप सोडते. तो पोचला की स्नायूतल्या पेशी आपल्याच प्रथिनांवर खुणा करतात, आणि खूण दिसेल त्याचे तुकडे पाडत सुटतात. मग कितीही भरवा, अंगी लागत नाही. उंदराला दांडी धरायला लावून शेपटी धरून हळूच ओढलं, की पकड किती उरली ते कळतं.

जेवणं झाल्यावर तिने टेबलावर कोपर टेकवलं. "दादा, ये, पंजा लढवू."

"पुन्हा नाक कापून घ्यायचंय का तुला?" तो हसला. लहानपणापासून ती एकदाही जिंकली नव्हती. आज ती मनातल्या मनात विनवत होती, हरव मला, अरे हरव!

त्याने पंजा धरला. धरला कसला, नुसता ठेवला. तिने जरासा जोर लावला आणि त्याचा हात आडवा झाला.

"मुद्दाम हरले! बहिणीचे लाड नुसते," म्हणत वहिनी हसत चहा टाकायला आत गेली.

दादाने हात सोडवला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मुद्दाम नाही हरलो गं. हल्ली साधा नटही सैल होत नाही माझ्याच्याने."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?" ती म्हणाली. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

"जाऊ. पण खरं सांग, तुझ्या त्या उंदरांमधला एखादा तरी बरा होतो का?"

ती एरवी केवढी बडबडी! आता तिने त्याचा पंजा फक्त घट्ट धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "हिला मीच सांगेन. तू नको सांगूस."